आधी वालीवला जाऊन या

रविवारची मिस्सा सुटली की वसईच्या पापडी नाक्यावर चहाच्या टपरीपाशी पोरांचा घोळका जमतो. लोकलची गर्दी, पाण्याचा टँकर, क्रिकेट हे विषय पाच मिनिटांत उरकतात. मग फोन बाहेर निघतात आणि शेअर सुरू होतात. सध्या त्यात एकच शब्द वर आलाय: सेमीकंडक्टर. त्यातले जाणते सांगतात, चिप बनवणाऱ्या कंपन्या घेऊ नका, चिप बनवायची मशीनं बनवणाऱ्या घ्या. माझ्या भाच्याने मला हे एका वाक्यात पटवलं. ‘‘मामा, लग्न कुणाच्याही घरचं असू दे, मांडववाल्याचे पैसे ठरलेले.’’

वाक्य मला आवडलं. पाठीवर थाप मारली आणि त्याचा फोन हातात घेतला.

तीन नावं होती. एक हॉलंडची कंपनी, एक अमेरिकेची, आणि तिसरी इथलीच, नावात ‘सेमीकंडक्टर’ असलेली. पहिल्या दोघी काय बनवतात हे त्याला मोघम ठाऊक होतं. तिसरी काय बनवते? ‘‘सेमीकंडक्टर.’’ कुठे बनवते? माहीत नाही. कामाला किती माणसं? माहीत नाही. कारखान्यात मशीन कोणाचं आहे? यावर तो गप्प झाला. परदेशी शेअरमध्ये त्याचे पंधरा हजार होते आणि या तिसऱ्या नावावर साठ हजार. दोन महिन्यांचा पगार.

त्याला ओरडून काय होणार? बावीस-चोवीस वर्षांच्या पोराला कष्टाचा पैसा वाढवावासा वाटतो, यात त्याची चूक नाही. पण ज्याने हे नाव त्याच्या कानात घातलं, त्याने मांडववाल्याचा धंदा कसा चालतो हे अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी या आठवड्याच्या सदरात सांगतो.

हॉलंडमधल्या वेल्डहोवनची एएसएमएल घ्या. १९८४ साली फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये सुरू झालेली ही कंपनी. आज सगळ्यात बारीक रेषांच्या चिप ज्या मशीनवर छापतात, ते ईयूव्ही नावाचं मशीन जगात ही एकटीच बनवते. त्या मशीनच्या पोटात वितळलेल्या कथलाचे थेंब पडत असतात, सेकंदाला ५० हजार. प्रत्येक थेंबावर लेझरचा दोनदा मारा बसतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेत शोषला जातो, म्हणून त्याची सगळी वाट निर्वात ठेवावी लागते. काचेतही शोषला जातो, म्हणून भिंगांच्या जागी आरसे. आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर ट्रम्फचा, तोही जर्मन. हे धूड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायला ४० कंटेनर, २० ट्रक आणि तीन जम्बो विमानं लागतात. नव्या पिढीच्या मशीनची किंमत ३५ कोटी युरोच्या आसपास, म्हणजे तीन हजार कोटी रुपयांच्या वर.

अशी ईयूव्ही मशीनं २०२४ साली किती विकली गेली? ४४.

वसई पूर्वेच्या वालीवमध्ये औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगची मशीनं बनवणारा कारखानदारही वर्षाला याहून जास्त नग काढत असेल. आणि गिऱ्हाईकं तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच: तैवानची टीएसएमसी, कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेच्या इंटेल आणि मायक्रॉन. यातल्या एकाने ‘यंदा थांबू, पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की मशीनवाल्याचं वर्षाचं गणित बदलतं. १५ ऑक्टोबर २०२४ला ते दिसलं. एएसएमएलचा तिमाही निकाल चुकून एक दिवस आधीच बाहेर पडला. नव्या ऑर्डरी २६० कोटी युरोच्या, अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. शेअर एका दिवसात १६ टक्के खाली आला. जगात या मशीनला दुसरा कोणी स्पर्धक नाही, धंदा नफ्यात आहे, तरी १६ टक्के. मांडववाल्याचे पैसे ठरलेले असतात, पण गावात लग्नं किती लागणार हे मांडववाला ठरवत नाही.

मग या कंपन्या वाईट वर्षात तगतात कशावर?

वसईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. लिफ्ट बसवणारा एकदाच येतो. देखभालीच्या करारावरचा, एएमसीवाला, दर महिन्याला येतो आणि वर्षानुवर्षं येत राहतो. पाच वर्षांनी लिफ्टचं कार्ड जळलं की त्याच कंपनीचं घ्यावं लागतं, दुसऱ्याचं बसत नाही. चिपच्या मशीनचं नेमकं हेच आहे, फक्त रकमा थोरल्या. एएसएमएलने २०२४ साली २,८३० कोटी युरोची विक्री केली, त्यातले ६५० कोटी आधीच बसवलेल्या मशीनांची देखभाल आणि सुधारणा यांतून आले. जवळजवळ पाव हिस्सा. अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्सचा सेवेचा धंदा त्याच सुमारास वर्षाला सहाशे कोटी डॉलरच्या वर गेला होता. लॅम रिसर्च ही कोरीवकामाची मशीनं बनवते, म्हणजे प्लाझ्माने सिलिकॉनवरचा नको तो थर खरवडून काढणारी. हे काम ज्या बंद पेटीत चालतं ती चेंबर; जगभरच्या कारखान्यांत तिची अशी लाखभर चेंबर बसलेली आहेत. प्लाझ्मा सिलिकॉन खातो तसे चेंबरच्या आतले भागही झिजवतो. ते बदलावेच लागतात. न बदलले तर झिजलेला कण चिपवर पडतो आणि माल फुकट जातो. म्हणजे नवी ऑर्डर आली नाही तरी जुनी मशीनं चालू आहेत तोवर स्पेअरची मागणी येत राहते.

शेअर घेणाऱ्याने पहिलं बघायचं ते हे. विकलेली मशीनं किती चालू आहेत, आणि त्यांच्यापाशी कोणाचा माणूस उभा आहे? सेवेतून किती पैसा येतो हा आकडा कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो. तो अहवाल फुकट मिळतो. टिप देणारा तो कधीच दाखवत नाही.

या धंद्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट २०१२ सालची. ईयूव्हीवर पैसा आणि वर्षं दोन्ही जळत होती, मशीन काही धड चालत नव्हतं. तेव्हा एएसएमएल आपल्या गिऱ्हाईकांकडे गेली. मशीन हवंय ना, मग आधी आमच्यात भागीदार व्हा. इंटेलने १५ टक्के घेतले, टीएसएमसीने ५, सॅमसंगने ३. वर संशोधनासाठी वेगळे पैसे दिले. आपल्याकडे याला बयाणा म्हणतात. माल तयार नाही, पण बनवणाऱ्याच्या हातावर भरवसा आहे, म्हणून दिलेला पैसा. पुढे त्या मशीनवर व्यापारी माल निघायला आणखी सहा-सात वर्षं गेली. या काळात गिऱ्हाईकांनी घाई केली असती तर ते मशीन कदाचित झालंच नसतं.

जपानची टोकियो इलेक्ट्रॉन तर दलालीतून वर आली. १९६३ साली सुरू झाली तेव्हा अमेरिकेची भट्टीची मशीनं आणून जपानमध्ये विकायची. विकता विकता दुरुस्ती शिकली, दुरुस्ती करता करता जोडणी, मग स्वतःचं मशीन. मुंबईत परदेशी मशीनांच्या एजन्सी चालवणाऱ्यांची तीन-तीन पिढ्यांची दुकानं आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांना दुरुस्तीपलीकडे जावंसं वाटलं? हा प्रश्न मला फार वर्षं टोचतोय.

आणि सरकारचा हात. ७ ऑक्टोबर २०२२ला अमेरिकेने चीनला चिपची प्रगत मशीनं विकण्यावर कडक निर्बंध घातले. एएसएमएलचं ईयूव्ही तर चीनला कधीच गेलं नाही. मग जी जुन्या पिढीची मशीनं मिळत होती त्यांच्यावर चिनी कारखान्यांची झुंबड उडाली; २०२४च्या पहिल्या सहा महिन्यांत एएसएमएलच्या मशीनविक्रीतला ४९ टक्के वाटा एकट्या चीनचा होता. अर्धा धंदा अशा गिऱ्हाईकाकडे, ज्याला उद्या विकायची परवानगी राहील की नाही ते वॉशिंग्टन आणि हेग ठरवणार. अप्लाइड आणि टोकियो इलेक्ट्रॉन यांनी २०१३ साली एकत्र व्हायचं ठरवलं होतं. अमेरिकेच्या सरकारी खात्याला ते मान्य झालं नाही आणि २०१५च्या एप्रिलमध्ये सगळं मोडलं. या कंपन्यांचा शेअर घेणारा माणूस कंपनीबरोबर दोन-तीन देशांच्या सरकारांचंही ओझं उचलतो. भाच्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. परदेशी शेअर एक जरी असला तरी आयकराच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, हेही नाही. ते मी सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा चहाचा पेला खाली ठेवला.

आता तिसऱ्या नावाकडे येतो, कारण दुखणं तिथे आहे.

महाराष्ट्रात ‘चिप’ हा शब्द सप्टेंबर २०२२मध्ये घराघरात शिरला, तो चटका देऊनच. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार असं वाटत होतं, तो गुजरातला गेला. वर्षही उलटलं नाही तोच, जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. मग सप्टेंबर २०२४मध्ये तळोज्याला अदानी आणि इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टरचा ८३ हजार ९४७ कोटींचा प्रकल्प राज्याने मंजूर केला. पुढच्या वर्षी बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. तिकडे गुजरातेत धोलेऱ्यात टाटांचा ९१ हजार कोटींचा कारखाना उभा राहतोय, साणंदला मायक्रॉन आहे. आपल्या पोरांच्या मनात बसलं की गाडी सुटली. आणि गाडी सुटल्यासारखी वाटली की माणूस कुठल्याही डब्याचा दांडा पकडतो. विरार लोकलला रोज लटकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

अशा वेळी नावं विकली जातात. २०२५च्या डिसेंबरमध्ये जगभरच्या वृत्तसंस्थांनी मुंबईच्या बाजारातली एक गोष्ट छापली. आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीचा शेअर वीस महिन्यांत ५५ हजार टक्क्यांहून जास्त चढला होता. दहा हजारांचे पंचावन्न लाख. मधे व्यवहाराचे सलग १४९ दिवस अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसात जेवढा चढू देतात तेवढा चढून थांबलेला भाव. कंपनीचे पूर्णवेळ कर्मचारी दोन. आपण अजून चिपचं कुठलंही उत्पादन सुरू केलेलं नाही, सरकारी योजनेतही अर्ज केलेला नाही, हे कंपनीने स्वतःच शेअर बाजाराला कळवलं होतं. सचिन तेंडुलकरने यात पैसे घातलेत अशी हूल उठली होती, तर तो आपला भागधारक कधीच नव्हता हेही कंपनीलाच सांगावं लागलं. बाजाराने शेवटी या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एका दिवसावर आणले. भाच्याचे पैसे या कंपनीत नाहीत. पण त्याच्या यादीतलं नाव त्याच वाऱ्यावर उडालेलं आहे.

अप्पर सर्किटला पोरं टाळ्या वाजवतात, त्याचं मला वाईट वाटतं. सर्किट लागलं याचा अर्थ विकणारा कोणी नाही. बाजारात पापलेटाची एकच टोपली आली आणि वीस गिऱ्हाईकं उभी, तर भाव चढणारच. तो भाव ऐकून घरी बसून ‘मी श्रीमंत झालो’ म्हणता येत नाही. श्रीमंत व्हायला तुमची टोपली त्या भावाने उचलणारा माणूस समोर लागतो. आणि ज्या दिवशी घेणारे हटतात, त्या दिवशी तेच सर्किट खाली लागतं. तेव्हा फोनवर विक्रीचं बटण कितीही दाबा, सौदा होत नाही.

पापडीत हे सांगावं लागतंय याची मला जास्त टोचणी आहे. याच नाक्यावर बॅसीन कॅथॉलिक बँकेचं मुख्य कार्यालय आहे. ती १९१८ साली सुरू झाली. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या वसईच्या शेतकऱ्याला आपल्याच माणसांच्या ठेवींतून कर्ज मिळावं म्हणून मोन्सेन्यर मोनीस यांनी ती उभी केली. सहकाराचा सगळा जोर एका गोष्टीत असतो: पैसे देणारा घेणाऱ्याला ओळखतो. त्याची वाडी कुठली, विहिरीला पाणी किती, पानवेल लावलीय की केळी. माझ्या वडिलांच्या पिढीला कंपनी, ताळेबंद, बाजारमूल्य यांतलं काही येत नसे. पण ज्याच्याकडे पैसा ठेवायचा त्याचा बांध ते स्वतः चालून येत. शंभर वर्षं हे ज्या नाक्याने पाहिलं, त्याच नाक्यावर उभं राहून आमची पोरं अशा कंपनीला पगार देतायत जिच्या दाराचा पत्ता त्यांना ठाऊक नाही.

तर मी भाच्याला म्हटलं, शनिवारी माझ्याबरोबर वालीवला चल. शेअरचं नंतर बघू, आधी मशीन बघू.

पापडीहून स्टेशन, पूल ओलांडून पूर्वेला, गोलानी नाका, पुढे वालीव. तासाभराच्या आतलं अंतर. पापडीतली कितीतरी माणसं या बाजूला आयुष्यात दोनदाही गेलेली नाहीत. माझ्या ओळखीचा एक गाळा आहे. निर्वात यंत्रांचे भाग करून देतात. औषध गोठवून सुकवायच्या मशीनला, काचेवर थर चढवायच्या मशीनला. दोन लेथ, एक व्हीएमसी म्हणजे संगणकाने चालणारं कापकामाचं मशीन, सात माणसं. आम्ही पोचलो तेव्हा अर्नाळ्याचा एक टर्नर, तीस वर्षं याच कामात असलेला, स्टेनलेस स्टीलच्या फ्लँजवर शेवटचा हात मारत होता. ताटलीएवढी गोल चकती, मधे भोक, कडेला ओ-रिंग बसायची खाच. टूल पुढे सरकत होतं आणि केसाहून बारीक कीस निघत होता. मशीन थांबवून त्याने डायल लावला. काटा जागचा जेमतेम हलला.

‘‘दहा मायक्रॉनच्या आत,’’ तो म्हणाला. ‘‘पण खरी गोष्ट ही बघ.’’ त्याने दिव्याखाली चकती तिरकी धरली. खाचेत बारीक बारीक गोल रेघा चमकत होत्या, एकात एक, तव्यावरच्या घावनाला पडतात तशा. ‘‘या गोल रेघा चालतात. त्यांच्यावर रबर बसतं, हवा गोल गोल फिरून तिथेच राहते. पण या कडेकडून त्या कडेकडे एक जरी आडवा ओरखडा आला, केसाएवढा, तरी हवेला वाट मिळाली. सगळा जॉब भंगारात.’’

मग गळती बघतात ती रीत त्याने दाखवली. भाग पंपाला जोडायचा, आतली हवा ओढून घ्यायची आणि बाहेरून सांध्यावर हेलियम फुंकायचा. हेलियमचा अणू इतका बारीक की कुठल्याही फटीतून आत शिरतो आणि पंपाला जोडलेलं उपकरण ओरडतं. हे उपकरण त्यांच्याकडे नाही. भाड्याने आणतात, नाहीतर भाग घेऊन ठाण्याला जातात. स्वतःचं घ्यायला लाखांत पैसा लागतो. मालक दोन बँकांकडे जाऊन आला, दोघांनी घराचे कागद मागितले. घर पहिल्याच मशीनपायी गहाण आहे. लहान कारखान्याचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असा २००६चा कायदा आहे. याची बिलं चार-चार महिने अडकतात, आणि तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून तो तक्रार करत नाही.

मी हे सगळं मुद्दाम लिहितोय. धोलेऱ्याचा कारखाना असो की साणंदचा, खर्चातला थोरला वाटा मशीनांचा असतो आणि तो पैसा हॉलंड, जपान, अमेरिकेला जातो. टाटांनी टोकियो इलेक्ट्रॉनशी सप्टेंबर २०२४मध्ये करार केला. अप्लाइड आणि लॅम बंगळुरात मोठी गुंतवणूक करतायत. २०२६च्या अर्थसंकल्पात केंद्राने सेमीकंडक्टर मिशनचा दुसरा टप्पा जाहीर केला, त्याचा भर यंत्रं आणि साहित्य देशात बनवण्यावर आहे. चेंबर, फ्लँज, व्हॉल्व्हची घरं, गॅसच्या नळ्या. हे भाग आकाशातून पडत नाहीत. एएसएमएलसुद्धा आपल्या मशीनचा बहुतेक भाग स्वतः करत नाही, हजारो पुरवठादारांकडून घेते आणि त्यांना वर्षानुवर्षं सांभाळते. झाइसच्या कारखान्याबाहेर तिथल्या खेड्यांत असेच गाळे असणार, आणि असेच टर्नर.

वालीवच्या गाळ्यातून उद्या सकाळी चिपच्या मशीनचा भाग निघेल असं मी म्हणत नाही. स्वच्छ खोली लागेल, धातूचं प्रमाणपत्र लागेल, प्रत्येक नगाचा कागद लागेल, आणि एखाद्या मोठ्या कंपनीला दोन-तीन वर्षं भरवसा ठेवून बयाणा द्यावा लागेल. पण ज्याला दहा मायक्रॉन हाताने कळतात असा माणूस तयार व्हायला तीस वर्षं लागतात, आणि तो माणूस आपल्याकडे तयार आहे. हा निवृत्त होईल तेव्हा त्याच्या लेथवर कोण उभं राहणार? त्याचा मुलगा डिलिव्हरीची बाइक चालवतो. वसईतल्या सहकारी बँकांनी, पतपेढ्यांनी, आयटीआयच्या मास्तरांनी एकत्र बसून वसई पूर्वेत एक सामायिक तपासणी केंद्र काढावं, हेलियमच्या त्या उपकरणासकट. दहा-वीस गाळ्यांनी ते वापरावं. यात कुणावर उपकार नाहीत, हा धंदा आहे. व्याज मिळेल, मुद्दल राहील, आणि पैसे कुठे आहेत ते रिक्षाने जाऊन बघता येईल.

भाचा तोवर फ्लँज हातात घेऊन निरखत होता. टर्नरने हातातलं काम टाकलं. ‘‘अरे बाळा, हातमोजे कुठायत?’’ चकतीवर अंगठ्याचा ठसा उमटला होता. निर्वातात त्या ठशातलं तेल वाफ होऊन सुटतं आणि आतला सगळा थर बिघडवतं. टर्नरने ती हळूच परत घेतली, धागे न सुटणाऱ्या कापडावर अॅसिटोन टाकून पुसली, पुन्हा दिव्याखाली धरली, पुन्हा पुसली.

भाचा ओशाळला. थोडा वेळ गप्प राहून कोपऱ्यातल्या व्हीएमसीकडे गेला. परदेशी बनावटीचं, सेकंडहँड घेतलेलं.

‘‘हे बिघडलं तर?’’

‘‘गेल्या पावसाळ्यात स्पिंडल गेलं,’’ मालक म्हणाला. ‘‘अकरा दिवस बंद होतं. कंपनीचा माणूस पुण्याहून आला. बेअरिंग त्यांचंच लागतं, बाहेरचं चालत नाही.’’

‘‘बिल किती झालं?’’

मालकाने कपाटातून फाइल काढून त्याच्या हातात दिली. भाच्याने आधी हात पँटला पुसले. मग उभ्या उभ्या एकेक पान उलटत राहिला: बेअरिंग, ग्रीस, इंजिनियरचा दिवसाचा दर, येण्याजाण्याचे पैसे, वर्षाचा करार. बाहेर माल न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. टर्नरने चकती पिशवीत घातली, तोंड बंद केलं आणि वर तारीख टाकली.